कॉफी एक, गप्पा चार तास

जकार्तात ऑफिसातल्या कुठल्याही पंचविशीतल्या पोराला सोमवारी विचारा, काय रे शनिवार-रविवार काय केलंस, तर बहुतेक वेळा एकच उत्तर येतं, नोंगक्रोंग. म्हणजे काही नाही, बसलो होतो. कुठे, तर अमक्याच्या रूमजवळच्या टपरीवर. किती वेळ, तर माहीत नाही. कशासाठी, तर हे काय विचारणं झालं. आपल्याकडचा कट्टाच हा, फक्त आपल्याकडे कट्ट्यावर बसलेल्या पोराला घरचे "कामधंदा नाही का" म्हणून ओरडतात आणि इथे जो बसायला येत नाही त्याच्याबद्दल चार जण काळजीने विचारायला लागतात की बरा आहे ना तो.

मी इंडोनेशियात नोकरीला आल्यापासून भारतातून मला दोनच प्रकारचे मेसेज येतात. एक म्हणजे बालीला गेलीस का, आणि दुसरे म्हणजे रील्स. मावसबहीण कॉलेजात आहे, ती सारखी काहीतरी पाठवत असते, ताई हे बघ तुझ्या जकार्तातली मुलं झेब्रा क्रॉसिंगवर रॅम्प वॉक करायची म्हणे, ताई हे लोक समुद्री चाच्यांचा झेंडा का लावतायत, ताई हे खरंच कॉफीत निखारा टाकतात का? व्हॉइस नोट करून करून कंटाळा आला म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकू आणि लिंक देऊन मोकळं होऊ.

तर निखाऱ्यापासून सुरू करते. हो, टाकतात. योग्याकार्तात तुगू रेल्वे स्टेशनच्या बाजूला ओळीने गाड्या लागतात, तिथे काळी कॉफी मागितली की गाडीवाला चिमट्याने शेगडीतला लाल कोळसा उचलतो आणि थेट तुमच्या ग्लासात सोडतो, जोऽऽस असा आवाज होतो म्हणून त्या कॉफीचं नावच कोपी जोस. चवीत मला तरी फार फरक कळला नाही, पण व्हिडिओ छान येतो हे मान्य. खरी मजा त्या गाडीची आहे. तिला अंगक्रिंगान म्हणतात, लाकडी हातगाडी, वर ताडपत्री, मिणमिणता दिवा, आणि फुटपाथवर चटया अंथरलेल्या. गाडीवर नासी कुचिंग, म्हणजे शब्दशः मांजराचा भात, मांजराला पुरेल एवढीच मूठभर पुडी, आत थोडा सांबाल, म्हणजे मिरचीची तिखटजाळ चटणी, आणि सुक्या मासळीचा तुकडा. बाजूला तळलेलं टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), काडीला टोचलेली लहान अंडी, तशीच कोंबडीची आतडी (मी नाही खात, विचारू नका), गरम आल्याचं पाणी. दोन पुड्या, दोन काड्या आणि एक पेय घेतलं तरी फार बिल होत नाही, आणि मग तुम्ही त्या चटईवर रात्री एकपर्यंत बसा, कुणी उठवत नाही.

योग्या, म्हणजे योग्याकार्ता, हे विद्यार्थ्यांचं शहर आहे, गाजा मादा युनिव्हर्सिटी १९४९ पासून तिथे आहे, सुमात्रा पासून पापुआपर्यंतची पोरं शिकायला येतात आणि कोस नावाच्या एवढ्याशा भाड्याच्या खोल्यांत राहतात. त्या खोलीत पलंग टाकला की दाराची कडी लावायला पण जागा उरत नाही, मग चार मित्र भेटणार कुठे, बाहेरच ना. भूक लागली की वारमिंडो, म्हणजे इंडोमी नूडल्स उकळून त्यावर अंडं टाकून देणारं छोटं हॉटेल. योग्यातली ही दुकानं बरीचशी पश्चिम जावातल्या कुनिंगान भागातून आलेले लोक चालवतात, आणि पोरांचं महिनाअखेरचं जेवण तिथेच होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की बाहेरून बघणारा माणूस इंडोनेशियन तरुणांच्या ट्रेंडची यादी करतो, कॉफी, के-पॉप, जुने कपडे, टिकटॉक, आणि प्रत्येकाचं वेगळं कौतुक करतो. मला इथे राहून वाटायला लागलंय की निम्म्या गोष्टींच्या मुळाशी एकच भानगड आहे. खिशात पैसे कमी, घरात जागा कमी, आणि मित्रांबरोबर बसायला कुणी हाकलणार नाही अशी जागा पाहिजे. २०२० च्या जनगणनेत इथली लोकसंख्या २७ कोटी निघाली, त्यात जेन झी २७.९४ टक्के आणि मिलेनियल २५.८७ टक्के, म्हणजे निम्म्याहून जास्त देश. एवढ्या लोकांना बसायला जागा लागते हो.

कॉफीचंच बघा. इंडोनेशिया जगातल्या मोठ्या कॉफी पिकवणाऱ्या देशांपैकी एक, पण घरोघरी वर्षानुवर्षं प्यायली जायची ती सॅशेतली, साखर-पावडर मिसळलेली. मग २०१५ मध्ये दक्षिण जकार्तातल्या चिपेते भागात तुकू नावाचं छोटं दुकान निघालं आणि त्यांनी एस्प्रेसो, दूध, बर्फ आणि ताडीच्या गुळाचा पाक असं साधं गणित जमवलं. एस कोपी सुसू गुला आरेन. गूळ घातलेली थंड दुधाची कॉफी, आपल्या लोकांना तर पहिल्या घोटात आवडते. नंतर २०१७ मध्ये कोपी कनांगान आलं, नावाचा अर्थ आठवणींची कॉफी, आणि डिसेंबर २०२१ मध्ये ती कंपनी युनिकॉर्न झाली, म्हणजे एक अब्ज डॉलर किंमत, गुळाच्या कॉफीवर! या दुकानांनी ओळखलं काय, तर परदेशी चेनमधली कॉफी पोरांना परवडत नाही पण हातात तसा प्लास्टिकचा ग्लास तर हवाय. हल्ली शंभर रुपयांचे साधारण १८-१९ हजार रुपिया येतात, तेवढ्यात ही कॉफी मिळते.

आणि ज्याला तेही जड जातं त्याच्यासाठी सायकलवाला. हँडलला सॅशेंच्या माळा, मागे थर्मास आणि बर्फाचा डबा, ऑफिसच्या इमारतींखाली आणि बागांच्या कडेला हे लोक फिरत असतात. पोरांनी त्यांना स्टारलिंग नाव ठेवलंय, स्टारबक्स कलिलिंग, फिरतं स्टारबक्स. आता यांच्याच वाटेवर ॲपवाल्या कंपन्यांच्या चकचकीत बॅटरीवरच्या गाड्या आल्यात, युनिफॉर्म घातलेला बरिस्ता वगैरे. कॉफी त्यांची बरी असते, खोटं कशाला बोलू, पण सॅशेवाले काका बिचारे एका बाजूला सरकलेत हे डोळ्याला दिसतं.

आता झेब्रा क्रॉसिंग. हा विषय मी जरा लांबवणार आहे कारण यात सगळं आहे.

जकार्ता हे चालणाऱ्या माणसाचं शहर कधीच नव्हतं. फुटपाथ असला तर त्यावर मोटरसायकली, नसला तर नाला. २०१८ च्या एशियन गेम्सच्या निमित्ताने सुदिरमान-थामरिन हा मुख्य रस्ता सुधारला, फुटपाथ चांगले रुंद झाले, आणि मार्च २०१९ मध्ये मेट्रो सुरू झाली. दुकू आतास नावाच्या ठिकाणी मेट्रो, लोकल, एअरपोर्टची ट्रेन सगळं एकत्र येतं, वर काचेच्या उंच इमारती, खाली मोकळी जागा, बसायला पायऱ्या. बांधणाऱ्यांच्या डोक्यात तिथे लॅपटॉप बॅगवाले लोक ये-जा करतील असं असावं. आली कोण, तर चितायाम, बोजोंगगडे, देपोक या दक्षिणेकडच्या उपनगरांतली पंधरा-सतरा वर्षांची पोरंपोरी. लोकलचं तिकीट पहिल्या २५ किलोमीटरला ३,००० रुपिया, म्हणजे आपले पंधरा-सोळा रुपये. कर्जत-कसाऱ्याची पोरं मरीन ड्राइव्हला येऊन बसतात तसंच, फक्त इथे समुद्राच्या जागी बँकांच्या इमारती.

ही पोरं नटून यायची. नटून म्हणजे ब्रँड नाही, बाजारातले जुने जॅकेट, ढगळ पँटी, रंगवलेले केस, कुणी हिजाबवर गॉगल, आणि फोटो काढायचे. २०२२ च्या जून-जुलैत कोणीतरी झेब्रा क्रॉसिंगवरून मॉडेलसारखं चालून दाखवलं आणि ते टिकटॉकवर असं काही पेटलं की रोज संध्याकाळी सिग्नल लाल झाला की रॅम्प सुरू. नाव पडलं चितायाम फॅशन वीक. जकार्तात एससीबीडी नावाचा श्रीमंत बिझनेस एरिया आहे, तर पोरांनी त्याच अक्षरांत सुदिरमान, चितायाम, बोजोंगगडे, देपोक बसवलं, एका दगडात श्रीमंतांचीही उडवली आणि स्वतःचीही. व्हिडिओवाले मुलाखती घ्यायचे, अंगावरचे कपडे कितीचे, आणि पोरं कुठलाही संकोच न करता सांगायची शर्ट एवढ्याचा, चप्पल मित्राची. मला सगळ्यात जास्त हे आवडलं. चप्पल मित्राची हे कॅमेऱ्यात सांगायला जिगर लागते.

मग मोठी माणसं आली. जकार्ताचे गव्हर्नर अनीस बास्वेदान येऊन त्या पट्ट्यांवरून चालून गेले, पश्चिम जावाचे गव्हर्नर रिदवान कामिलही चालले, सेलिब्रिटी आले. आणि जुलैच्या शेवटी बातमी आली की बाइम वोंग या अभिनेत्याच्या कंपनीने चितायाम फॅशन वीक हे नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवायला अर्ज केलाय! लोक असे खवळले की विचारू नका, पोरांनी फुटपाथवर उभं केलेलं नाव तू कोण घेऊन जाणारा, रिदवान कामिलनी सुद्धा जाहीरपणे अर्ज मागे घ्यायला सांगितलं, आणि तो मागे घेतला गेला. पण तोपर्यंत गर्दी, कचरा, ट्रॅफिक, शेवटची लोकल चुकली की फुटपाथवर झोपणारी पोरं अशा तक्रारी वाढल्या होत्या, रात्री दहाला उठवायला लागले, मग क्रॉसिंगवर पहारा, आणि बघता बघता सगळं थंड. मी इथल्या सहकाऱ्यांना विचारते तेव्हा त्यांतले अर्धे म्हणतात गंमत होती, संपली, आणि अर्धे म्हणतात कोट-टायवाल्यांना आपल्या दारात गरीब पोरं बघवली नाहीत. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. कचऱ्यासाठी डबे ठेवता येतात आणि ट्रॅफिकसाठी पोलीस, त्यासाठी पोरं उठवावी लागत नाहीत.

आणि हे पहिल्यांदा झालंय असंही नाही. १९८० च्या दशकात दक्षिण जकार्तात ब्लॉक एमच्या मेलावाई रस्त्यावर असंच चालायचं, तेव्हाची पोरं संध्याकाळी नटूनथटून गाड्या घेऊन चकरा मारायची, लिंतास मेलावाई म्हणायचे त्याला. आज ती पोरं साठीला आलीत आणि त्यातले काही जण आत्ताच्या पोरांना शिस्त नाही म्हणत असतील, पैज लावते.

कपड्यांचं थोडं सांगते, कारण मावसबहिणीला त्यातच इंटरेस्ट आहे. इथे जुन्या परदेशी कपड्यांची प्रचंड क्रेझ आहे, सगळे थ्रिफ्टिंग म्हणतात, पण गंमत म्हणजे प्रत्येक शहरात त्याला जुनं गावठी नाव आहेच, योग्यात आवुल-आवुल, मेदानला मोंझा, माकासारला चाकार. म्हणजे ट्रेंड नवा, गाठोडी जुनीच. जकार्तात पासार सनेनला जायचं, बांडुंगला गडेबागेला. जपान-कोरियातून गाठोडी येतात, सकाळी गाठोडं फुटलं की चांगला माल उचलायला झुंबड. अडचण एवढीच की जुने कपडे आयात करायला कायद्याने बंदी आहे, २०१५ पासून स्पष्टच आहे ती, आणि २०२३ मध्ये सरकारने धाडी टाकून गाठोडीच्या गाठोडी जाळली. कारण दिलं की देशातला कापड उद्योग मरतोय. ते कारण अगदीच खोटं नाही, सोलो शहराजवळची स्रीटेक्स ही एवढी मोठी कापड कंपनी ऑक्टोबर २०२४ मध्ये दिवाळखोर ठरली आणि १ मार्च २०२५ ला बंद पडली, दहा हजारांवर कामगार घरी बसले. पण त्याचं खापर सनेनमधून स्वस्तातला टीशर्ट घेणाऱ्या पोरावर फोडणं मला पटत नाही, बाजारात नवा स्वस्त आयात माल पण ढिगाने येतोच की.

दुसऱ्या बाजूला लोकल ब्रँडचा अभिमान पण तेवढाच. बांडुंगमध्ये नव्वदच्या दशकात स्केटबोर्ड आणि बँडवाल्या पोरांनी डिस्ट्रो नावाची छोटी दुकानं काढली, स्वतः छापलेले टीशर्ट, मित्रांच्या बँडच्या कॅसेट, आणि १९९८ च्या आसपास रुपिया कोसळला तेव्हा बाहेरचा माल कुणालाच परवडेना म्हणून ही दुकानं आणखी वाढली. त्याच शहरातले कंपास नावाचे कॅनव्हास बूट २०१९ मध्ये असे चढले की लोक रांगा लावायला लागले, आणि एकेकाने घेऊन दुप्पट-तिप्पट भावाला ऑनलाइन विकले. हल्ली बाटिकचं कापड लुंगीसारखं कमरेला गुंडाळून वर टीशर्ट आणि खाली स्नीकर्स असं फिरायची पण फॅशन आहे, बरकाइन म्हणतात. आपल्याकडे नऊवारीवर गॉगल घालून बुलेट चालवतात ना पाडव्याला, त्यापेक्षा हे जास्त रोजचं आहे, मेट्रोत सहज दिसतं.

के-पॉपवर मी फार लिहीत नाही, ते जगात सगळीकडे सारखंच आहे. एकच सांगते, जून २०२१ मध्ये मॅकडोनाल्ड्सने बीटीएस या कोरियन बँडच्या नावाचं बीटीएस मील आणलं तेव्हा कोविड चालू होता, लोकांनी घरून ऑर्डर केली आणि दुकानांपुढे हिरव्या जॅकेटवाल्या डिलिव्हरीवाल्यांची एवढी गर्दी झाली की बरीच दुकानं तात्पुरती बंद करावी लागली. मग फॅन पोरींनीच त्या ड्रायव्हर लोकांसाठी वर्गणी काढली. हे हिरवे जॅकेट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गाण्याचं खरं प्रेम बघायचं तर दीदी कंपोत. सोलोचा माणूस, १९६६ चा जन्म, फुटपाथवर गाणी म्हणत सुरुवात केली. जावानीज भाषेत विरहाची गाणी, आणि प्रत्येक गाण्यात कोणीतरी कुठल्या तरी स्टेशनवर, बस स्टँडवर, बंदरावर सोडून गेलेलं असतं. आमच्या पिढीच्या आईबाबांचा गायक. तो २०१९ मध्ये अचानक वीस वर्षांच्या पोरांचा देव झाला, त्याला ते गॉडफादर ऑफ ब्रोकन हार्ट म्हणायला लागले, लॉर्ड दीदी, आणि स्वतःला सोबात आम्ब्यार, म्हणजे चक्काचूर झालेल्यांची मित्रमंडळी. कॉन्सर्टमध्ये मुलं हुंदके देऊन रडतायत आणि त्याच वेळी नाचतायत. ५ मे २०२० ला तो गेला, त्रेपन्नाव्या वर्षी. त्या दिवशी ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एरवी फक्त थम्ब्स अप टाकणारे साहेब सुद्धा गाण्याच्या ओळी टाकत होते असं एक सहकारी सांगते.

दांगदुत हा इथला लोकप्रिय गाण्यांचा प्रकार तर आपल्याशी नातं सांगतोच. पन्नास-साठच्या दशकात हिंदी सिनेमाच्या चाली इथल्या मलय ऑर्केस्ट्रात मिसळल्या आणि तबल्याच्या ठेक्यावरून दांग-दुत हे नाव आलं, त्यामुळे टॅक्सीत रेडिओ लागला की मधेच एखादी चाल ओळखीची वाटते आणि मी बावरते. भारतीय म्हटलं की इथल्या लोकांना दोन गोष्टी आठवतात, शाहरुख-काजोलचा १९९८ चा कॉलेजवाला सिनेमा आणि २०१४ मध्ये एएनटीव्हीवर लागलेली महाभारत मालिका, त्यातला अर्जुन शाहीर शेख तर इथे येऊन स्टार झाला. माझ्या बिल्डिंगखालच्या टपरीवरची मुलगी मला अजून विचारते की काक (म्हणजे ताई), अर्जुन तुमच्या गावाजवळ राहतो का? काय सांगणार, म्हटलं थोडं लांब आहे.

आणि पश्चिम जावातल्या गारुतच्या तीन हिजाबवाल्या मुली, व्हॉइस ऑफ बाचेप्रोत, २०१४ मध्ये शाळेत असताना मेटल बँड काढला, गावात शिव्या खाल्ल्या, आणि जून २०२४ मध्ये इंग्लंडच्या ग्लास्टनबरीला वाजवणारा पहिला इंडोनेशियन बँड ठरल्या. ऐका एकदा, कानात इअरफोन घालून, घरच्यांना त्रास नको.

आता पैशाचं. २०२५ चं जकार्ताचं किमान वेतन महिना ५३ लाख ९६ हजार रुपिया, म्हणजे आपले २८-२९ हजार. योग्या प्रांताचं २२ लाख ६४ हजार, बारा हजारांच्या आसपास. त्यात कोसचं भाडं, गावी आईबाबांना पैसे, धाकट्या भावाची फी, आणि वर इन्स्टाग्रामवर बाकीच्यांचं आयुष्य. मग फोनवर बोट टेकवलं की मिळणारी कर्जं, पेलेटर, म्हणजे आत्ता घ्या पैसे नंतर द्या, आणि त्याहून वाईट म्हणजे ऑनलाइन जुगार, त्याला इथे जुदोल म्हणतात आणि हा शब्द आता रोजच्या बातम्यांत असतो. याच्या उलट टोकाला २०२४ मधली स्ट्रावाची, म्हणजे पळण्याची नोंद ठेवणाऱ्या ॲपची, गंमत. पळण्याचं फॅड इतकं वाढलं की स्वतः न पळता दुसऱ्याला पैसे देऊन आपल्या अकाउंटवर पळायला लावायचं, जोकी स्ट्रावा! पोरं किलोमीटरचे दर लावून जाहिरात करत होती. सगळे हसत होते, मी पण हसले, पण पळून पैसे मिळवणाऱ्या पोराच्या दृष्टीने तो सरळ रोजगार होता.

२०२५ च्या सुरुवातीला #काबुरआजादुलु हा हॅशटॅग आला, म्हणजे आधी इथून पळ काढा तर खरं. जपानला कसं जायचं, जर्मनीत कोणतं शिक्षण मोफत, अशी माहिती पोरं एकमेकांना द्यायला लागली. काही मंत्र्यांनी त्यांच्या देशप्रेमावर शंका घेतली. पुर्बालिंग्याच्या सुकातानी नावाच्या पंक बँडने पोलिसांना प्रत्येक गोष्टीसाठी पैसे चारावे लागतात अशा अर्थाचं गाणं आधीच काढलं होतं, ते त्याच वर्षी फेब्रुवारीत अचानक मागे घेतलं आणि मुखवटे घालून गाणाऱ्यांनी चेहरे दाखवून पोलिसांची माफी मागितली. झालं, ते गाणं मोर्चात, लग्नात, कट्ट्यावर सगळीकडे वाजायला लागलं.

चाच्यांच्या झेंड्याचं पण तेच. १७ ऑगस्ट हा इथला स्वातंत्र्यदिन. २०२५ मध्ये त्याच्या आधी पोरांनी, ट्रकवाल्यांनी राष्ट्रध्वजाखाली वन पीस या जपानी कॉमिकमधला कवटीचा झेंडा लावला, त्या गोष्टीतले चाचे भ्रष्ट सरकारशी लढतात म्हणून. काही नेते म्हणाले देश फोडायचा डाव आहे. मग ऑगस्टमध्ये कळलं की खासदारांना महिन्याला ५ कोटी रुपिया घरभत्ता मिळतोय, जकार्ताच्या किमान वेतनाच्या नऊ पटींहून जास्त, आणि लोक रस्त्यावर आले. २८ ऑगस्टच्या रात्री आफान कुर्नियावान हा २१ वर्षांचा डिलिव्हरी ड्रायव्हर पोलिसांच्या चिलखती गाडीखाली चिरडून गेला.

तो हिरव्या जॅकेटवाला होता. इथे प्रत्येक घरात नाहीतर प्रत्येक मित्रमंडळात एक तरी ओजोल, म्हणजे ॲपवर बाइक चालवणारा, असतोच, वारकोपवर, म्हणजे कॉफीच्या टपरीवर, शेजारच्या बाकावर बसून तोच नूडल्स खात असतो, त्यामुळे त्या रात्री मला भेटलेल्या कुणालाही तो परका वाटला नाही. पुढचे काही दिवस सगळ्यांचे प्रोफाइल फोटो गुलाबी-हिरवे, हिरवा ड्रायव्हरांचा आणि गुलाबी त्या बाईंचा ज्या गुलाबी हिजाबमध्ये हातात काठी घेऊन पोलिसांपुढे उभ्या राहिल्या होत्या. आणि एक गोष्ट बघून मला खरंच भरून आलं, मलेशिया, थायलंड, फिलिपिन्सची पोरं आपापल्या घरी बसून ॲपवरून जकार्तातल्या ड्रायव्हरांसाठी जेवण मागवत होती, डिलिव्हरी नोटमध्ये लिहायची की हे तुमच्यासाठीच आहे, खा आणि जपून राहा. घरभत्ता रद्द झाला. बाकीच्या मागण्यांचं घोंगडं भिजत पडलंय.

फार गंभीर झालं. रमजानचं सांगायचं राहिलं. संध्याकाळी उपवास सोडायला ताकजिल, म्हणजे गोड-तळकट खाणं, रस्त्याकडेला विकायला बसतात. केळ्याचं नारळाच्या दुधातलं कोलाक, भजी, फळांचं सरबत. २०२४ मध्ये असा विनोद पसरला की ज्यांचा उपवास नाही असे ख्रिश्चन वगैरे लोक दुपारी तीनलाच पोटभर जेवून ताजेतवाने येतात आणि उपवासाने गळालेल्या मुसलमानांच्या आधी सगळी भजी संपवतात, वॉर ताकजिल. त्यावर उत्तर आलं, थांबा, ईस्टरला तुमची अंडी आम्ही पळवतो. दोन्ही बाजूंनी नुसती धमाल चालू होती. मी पण या युद्धात उपवास नसणाऱ्यांच्या बाजूने लढले आहे, आमच्या गल्लीतली केळ्याची भजी साडेचारच्या पुढे राहत नाहीत.

तर मावसबहिणीसाठी आणि डिसेंबरात येतो म्हणणाऱ्या सगळ्यांसाठी, मॉल तुमच्याकडेही आहेत, तिथे वेळ घालवू नका. शनिवारी संध्याकाळी मेट्रोने ब्लॉक एमला या, तिकीट कुठूनही १४ हजार रुपियाच्या वर जात नाही. तोच मेलावाईवाला ब्लॉक एम, मधे काही वर्षं मरगळला होता, मेट्रोमुळे आणि २०१९ मध्ये जुन्या सरकारी क्वार्टर्समध्ये झालेल्या एम ब्लॉक स्पेसमुळे पुन्हा गजबजलाय. रील्समध्ये दिसणाऱ्या कॅफेपुढे रांग असेल, लावू नका. मागच्या गल्लीत प्लास्टिकच्या स्टुलांवर बसा, गुळाची कॉफी मागवा, गिटारवाला आला तर दोन हजार रुपिया द्या नाहीतर तो दुसरं कडवं सुरू करतो. परतताना मेट्रो बंद झाली असेल तर रिक्षा मिळते, तिला इथे बजाजच म्हणतात, आमच्या आकुर्डीच्या कंपनीच्या नावाने. भाडं आधी ठरवून घ्या, मीटर नसतो.